कॅनडा कॉर्नरच्या वकील मॅडम - दोनशे स्क्रीनशॉट नेले, कामाला आले अकरा

आधीच सांगते, नाव लिहिणार नाही, इनबॉक्समध्ये पण विचारू नका. एक तर माझी केस चालू आहे आणि दुसरं म्हणजे वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, मॅडमनी मला स्पष्ट सांगितलंय की माझं नाव टाकून पाच स्टार बिर दिलेस तर मीच तुला नोटीस काढीन. चेष्टेत म्हणाल्या पण डोळे चेष्टेचे नव्हते. तर नाशिकचा कॅनडा कॉर्नर, झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला, लिफ्ट नाही, एवढंच.

काम काय होतं ते थोडक्यात. मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते, राहायला इंदिरानगर. टॅलीच्या क्लासला एक मुलगा होता बॅचमध्ये, ग्रुपवरून नंबर उचलला आणि सुरू झाला. आधी गुड मॉर्निंग, मग जेवलीस का, मग आज निळा ड्रेस छान होता. निळा ड्रेस मी क्लासला कधीच घातला नव्हता, तो मी कंपनीत घातला होता, तिथे मला पहिल्यांदा पोटात गोळा आला. मग पाथर्डी फाट्यापर्यंत बाईक मागे, स्टॉपवर सिटीलिंक बसची वाट बघत उभी असले की समोर उभा, काही बोलायचा नाही नुसता उभा. आठ महिने. घरी सांगितलं तर आई म्हणे नंबर बदल, पप्पा म्हणे मी जाऊन त्याच्या बापाला भेटतो, दादा म्हणे पत्ता दे फक्त. कोणीच म्हणालं नाही की तक्रार कर.

मॅडमच्या आधी एका दुसऱ्या वकिलाकडे गेले होते, ओळखीतून. दोन हजार घेतले, दहा मिनिटं दिली, त्यातली चार त्यांच्या फोनवर गेली. मी सगळं सांगितल्यावर म्हणाले काही टेन्शन घेऊ नका ताई, सगळी कलमं लावून टाकू, विनयभंग लावू, धमकी लावू, आयटी ॲक्ट लावू. मला तेव्हा भारी वाटलं. नंतर कळलं की कलम लावणं वेगळं आणि शाबित होणं वेगळं, आणि कलमं वकील लावतच नाहीत, पोलीस लावतात फिर्याद बघून. तर त्या दोन हजारांना शून्य स्टार.

आता मॅडम. पहिल्या दिवशी दीड तास थांबवलं, वेळ साडेसहाची दिलेली, नंबर लागला आठला. बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि माणसं सात. हे मी तक्रार म्हणूनच लिहितेय. पण आत गेल्यावर पाऊण तास दिला आणि त्या पाऊण तासात फोन उचलला नाही एकदाही.

मी मोठ्या रुबाबात प्रिंट काढून नेले होते, दोनशे चौदा स्क्रीनशॉट, कलर, स्पायरल बाइंडिंग करून, खालच्याच झेरॉक्सवाल्याने केलं होतं. मॅडमनी पहिलं पान उघडलं आणि विचारलं हा पकाऊ कोण? मी त्याचा नंबर सेव्ह केला होता टॅली पकाऊ म्हणून, मैत्रिणींनी चेष्टेत ठेवलेलं नाव, आणि सगळ्या स्क्रीनशॉटवर वर तेच. मॅडम म्हणाल्या कोर्टात मी उभं राहून काय सांगू, आरोपी नामे पकाऊ? नंबर कुठाय यात? नंबर एकाही पानावर नव्हता. तारीख अर्ध्या पानांवर नव्हती, नुसतं आज आणि काल असं दिसत होतं, जसं व्हॉट्सॲपवर दिसतं तसं. आज म्हणजे कुठला आज? मी लालबुंद. तीनशे ऐंशी रुपये गेले होते त्या बाइंडिंगला.

मग त्यांनी एक साधी फुलस्केप वही काढली, पट्टीने चार रकाने आखले आणि म्हणाल्या, आता रडायचं असेल तर आधी रडून घे मग मला चार गोष्टी सांग. काय केलं, किती वेळा केलं, कोणी पाहिलं, आणि तू नाही कधी म्हणालीस. पहिले तीन मी धडाधड सांगितले. चौथ्याला अडकले.

इथे जरा सविस्तर लिहिते कारण या एका गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. पाठलागाचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ७८, १ जुलै २०२४ पासून. आधी आयपीसी ३५४ ड होतं, ते २०१३ ला आलं, दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या प्रकरणानंतर वर्मा समिती बसली होती ना, त्यानंतरच्या दुरुस्तीत. मॅडमनी कलम मोठ्याने वाचून दाखवलं आणि पेनाने एकेक शब्दावर टकटक करत गेल्या. पुरुषाने बाईचा पाठलाग करून संपर्क साधायचा किंवा साधायचा प्रयत्न करायचा, वारंवार, तिला यात रस नाही हे तिने स्पष्ट दाखवल्यावरसुद्धा. नाहीतर तिचं इंटरनेट, ईमेल वगैरेवर पाळत ठेवायची, तो दुसरा प्रकार. वारंवार म्हणजे किती ते आकड्यात लिहिलेलं नाही, पण एकदा दोनदा म्हणजे वारंवार नाही हे उघड आहे. आणि स्पष्ट म्हणजे स्पष्ट.

आता माझ्या चॅटमधला माझा नकार बघा. "अहो जरा बिझी आहे." "नंतर बोलू." "बघते." "हो हो नक्की" आणि पुढे दोन हात जोडलेले. एकदा तर त्याने कॉफीला येतेस का विचारलं तर मी लिहिलंय "या आठवड्यात नाही जमणार हो, घरी पाहुणे आहेत". मॅडमनी वर बघितलं आणि म्हणाल्या, म्हणजे पुढच्या आठवड्यात जमणार होतं असं त्याचा वकील म्हणेल. आठ महिन्यांत मी एकदाही सरळ नको म्हणाले नव्हते! मला वाटत होतं मी शंभरदा म्हणालेय. आपल्याकडे पोरींना नाही म्हणायला शिकवतच नाहीत, पाहुण्यांना दुसरी पोळी नको असली तरी आपण हात आडवा धरतो, तोंडाने नको म्हणत नाही. मॅडम म्हणाल्या जज समजूतदार असेल तर तुझं टाळणं, उत्तर न देणं यातूनही नकार दिसतो म्हणून वाद घालता येईल, पण वाद घालावा लागेल. आणि उलटतपासणीत तुझेच हात जोडलेले तुला दाखवतील.

मग समोर बसवून एक मेसेज लिहून घेतला. मी आधी लिहिलं "प्लीज मला मेसेज करू नका, सॉरी". त्यांनी प्लीज खोडलं, सॉरी खोडलं. शेवटी राहिलं ते असं, "मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको आहे. मेसेज, फोन करू नका, माझ्या मागे येऊ नका, भेटायचा प्रयत्न करू नका." खाली नाव नाही, हात नाहीत, फूल नाही. पाठवला. ब्लू टिक आली रात्री ९:१२ ला, ते मी अजून विसरले नाहीये. आणि लगेच ब्लॉक करू नकोस म्हणाल्या, उत्तर अजिबात देऊ नकोस पण दार उघडं ठेव थोडे दिवस, फक्त जिवाला धोका वाटला तर हे सगळं सोडून सरळ ११२. पुढच्या तीन आठवड्यांत त्याने जे काही पाठवलं त्यातले अकरा मेसेज आज केसमध्ये आहेत. आधीचे दोनशे चौदा नुसती पार्श्वभूमी म्हणून मागे जोडलेत.

रात्रीची बहिणीशी बोलले, मावसबहीण कॅनडात ब्रॅम्प्टनला असते. ती म्हणे अगं आमच्याकडे याला क्रिमिनल हॅरॅसमेंट म्हणतात, कलम २६४, १९९३ पासून आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तिथे बाई पुरुष असा भेद नाही. पण तिथे तुला भीती वाटली आणि परिस्थिती बघता ती भीती रास्त होती हे सिद्ध करावं लागतं, शिवाय तुला त्रास होतोय हे त्याला माहीत होतं किंवा त्याने बेफिकिरी केली हेही. तिने मला एवढी मोठी लिस्ट पाठवली, भीतीचे पुरावे गोळा कर, डॉक्टरचं सर्टिफिकेट घे, झोपेच्या गोळ्या. मी ती लिस्ट घेऊन मॅडमकडे. मॅडम हसल्या, म्हणाल्या ऑफिस कॅनडा कॉर्नरला आहे म्हणून कॅनडाचा कायदा लागत नाही बाळा. आपल्या ७८ मध्ये भीती हा शब्दच नाही, तू वाघासारखी निडर असलीस तरी गुन्हा होतो, तुझी भीती नाही तुझा नकार सिद्ध करायचाय. खरं सांगू, मला ते बरं वाटलं, कारण कोर्टात उभं राहून मी किती घाबरले हे त्याच्यासमोर सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती. भीतीचा भाग आपल्याकडे येतो तो न्याय संहितेच्या ३५१ ला, धमकीला. त्याने एकदा लिहिलं होतं "बघून घेईन". मी म्हटलं ही धमकी आहे ना? मॅडम म्हणाल्या नुसतं बघून घेईन म्हणजे नाशकात रोज पार्किंगवरून लोक म्हणतात, काय करीन म्हणाला, कशाला म्हणाला, तुला घाबरवायच्या हेतूने म्हणाला का, ते दिसलं पाहिजे. ते कलम त्यांनी ताणलं नाही. पहिल्या वकिलाने हमखास ताणलं असतं.

मोबाईलच्या पुराव्याबद्दल जे सांगितलं ते तर प्रत्येकीला माहीत पाहिजे. मूळ फोन जपायचा, फॉरमॅट नाही, विकायचा नाही, चॅट क्लिअर करायची नाही, गायब होणारे मेसेज बंद. स्क्रीनशॉट काढायच्या आधी पकाऊ काढून नंबर तसाच दिसू द्यायचा, आणि एक सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करायचं, कॉन्टॅक्टच्या पानावरचा नंबर दाखवत चॅटमध्ये जायचं आणि तारखा दिसतील असं हळू वर सरकवायचं. आणि त्याबरोबर ही कॉपी खरी असल्याचं सर्टिफिकेट. आधी जुन्या पुरावा कायद्याचं ६५ ब म्हणायचे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३, त्यात दोन भाग असतात, भाग अ ज्याचा फोन त्याने भरायचा आणि भाग ब तज्ज्ञाने, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा, एक अक्षर बदललं तरी अंगठा बदलतो. हे सर्टिफिकेट का लागतं तर २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा, तिथे उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही यावरून निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसचं व्हिडिओ शूटिंग आलं होतं आणि सर्टिफिकेट सक्तीचं की नाही हा वाद थेट दिल्लीपर्यंत गेला. कोर्ट म्हणालं कॉपी द्यायची तर सक्तीचं, मूळ उपकरणच घेऊन मालक साक्षीला उभा राहिला तर गरज नाही. मॅडम म्हणतात तरी काढूनच ठेव, नंतर पळापळ नको. तज्ज्ञाचे साडेतीन हजार गेले, ते मला जास्त वाटले, पण त्या माणसाने काम माझ्यासमोर केलं आणि काय करतोय ते सांगत केलं.

फोन कॉलची हिस्ट्री मी मूर्खासारखी रोज उडवायचे, नाव दिसलं की घाण वाटायची म्हणून. त्याचं काही बिघडलं नाही म्हणे, कारण कोणी कोणाला कधी फोन केला तो सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, मोबाईल कंपनीकडे किमान दोन वर्षं असतो आणि तो पोलीस मागवू शकतात. पण मॅडमनी त्याऐवजी रोजची वही लिहायला लावली. तारीख, वेळ, जागा, काय झालं, सोबत कोण. त्याच दिवशी लिहायचं, नंतर बसून आठवून नाही. साक्ष दोन तीन वर्षांनी होईल तेव्हा आठवण ताजी करायला अशी त्या वेळची नोंद बघता येते. माझ्या वहीत एक ओळ आहे, "मंगळ., ६:५०, स्टॉपसमोर, राखाडी जॅकेट, हातात उसाचा रस, मी बस सोडली". का सोडली ते लिहिलं नव्हतं. मॅडमनी तिथे रेघ मारली आणि म्हणाल्या हे सांग जजला, बस का सोडलीस ते. कारण तो त्याच बसमध्ये चढला होता.

सीसीटीव्हीचं मात्र जमता जमता राहिलं. स्टॉपसमोर किराणा दुकान आहे, कॅमेरा बरोबर स्टॉपकडे. दुकानाचे काका चांगले आहेत, लहानपणापासून ओळखतात, पण कोर्ट म्हटल्यावर हात जोडले, बाई शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मला कशाला ओढतेस. आणि त्यांच्या डीव्हीआरवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या मशीनवर, पंधरा दिवसांचंच राहतं, मग वरून नवीन. मी बसले विनवण्या करत आणि त्यात नऊ दिवस गेले. मॅडमनी ऐकून कपाळाला हात लावला, म्हणाल्या तू फुटेज मागायचंच नाही, तू पोलिसांना लेखी अर्ज द्यायचा की या या तारखांचं फुटेज जपून ठेवायला सांगा. पोलिसांनी रीतसर मागितलं, पंचनामा केला, काकांनी मुकाट्याने दिलं आणि सर्टिफिकेटचा त्यांचा भागही भरला कारण मशीन त्यांचं. पण उसाच्या रसाचा मंगळवार तोपर्यंत गेला होता. तो दिवस आता फक्त वहीत आहे. हा नऊ दिवसांचा घोळ माझा, मॅडमचा नाही, तरी पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं असं मला वाटतं, अर्धा स्टार तिथे गेला.

पोलीस ठाण्यात त्या सोबत आल्या नाहीत. मला राग आला होता, फी घेता आणि येत नाही? म्हणाल्या फिर्याद द्यायला वकील लागत नाही, सवय लावून घे. कुठलं ठाणं ते लिहीत नाही. आधी तेच ठरलेलं, ताई अर्ज देऊन जा, मुलाला बोलावून समज देतो, तुमच्याच भविष्याचा प्रश्न आहे. एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर, भागवायचा प्रयत्न झाला. माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर मॅडमनी पेन्सिलने लिहून दिलं होतं, ७८ दखलपात्र आहे (म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात), दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवावीच लागते, २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा ललिता कुमारीचा निकाल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम १७३, या गुन्ह्यात बाईचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, एफआयआरची प्रत फुकट. नाही घेतली तर वर अधिकाऱ्याकडे पोस्टाने अर्ज आणि मग मॅजिस्ट्रेट. मी ते पान नुसतं समोर धरलं, बोलायला आवाज फुटत नव्हता. पाऊण तासाने एक महिला उपनिरीक्षक आल्या आणि त्यांनी मात्र नीट ऐकलं, दोनदा चहा दिला, वही बघून म्हणाल्या अशी वही आणत नाही कोणी. रात्री पावणेदहाला प्रत हातात.

दुसऱ्या दिवशी तो जामिनावर बाहेर. मी मॅडमना फोन करून ओरडले. त्या शांत, तुला सांगितलं होतं की नाही, पहिल्या वेळेला जामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड, दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर पाच वर्षांपर्यंत आणि तेव्हा अजामीनपात्र. सांगितलं होतं, वहीच्या मागे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. पण ऐकणं वेगळं आणि तो बाहेर आहे हे कळणं वेगळं. नंतर मॅजिस्ट्रेटसमोर जबाब झाला, महिला मॅजिस्ट्रेट होत्या, त्याला वीस मिनिटं लागली आणि त्यातली पाच मी पाणी पीत होते.

पैशाचं. पहिल्या भेटीचे हजार, पुढे प्रत्येक वेळी पाचशे, एकूण साडेतीन महिन्यांत मॅडमना साडेचार हजार गेले. पावती मागितली तर दिली, न मागता नाही. आणि हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं की जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना उत्पन्न कितीही असो वकील मोफत मिळतो, १९८७ चा कायदा आहे, तिथे जा, मला पैसे कशाला देतेस. स्वतःच्या खुर्चीत बसून असं सांगणारा वकील मी तरी पाहिला नाही. मी त्यांच्याकडेच राहिले कारण त्या संध्याकाळी भेटतात आणि मला दिवसा सुट्टी मिळत नाही, मार्चएंड होता. शिवाय केस सरकारची, कोर्टात सरकारी वकील चालवणार, मी तिथे साक्षीदार नंबर एक, मॅडम फार तर त्यांना मदत करणार. म्हणजे मी पैसे दिले ते तयारीचे आणि चार रकान्यांचे.

तक्रारी अजून दोन. व्हॉइस मेसेज ऐकत नाहीत, लिहूनच पाठवावं लागतं, आणि ज्या टायपिस्टकडे पाठवतात तो सीबीएस बसस्टँडजवळचा माणूस मराठीत भयंकर टाइप करतो, माझ्या अर्जात पाठलागचं पाटलाग झालं होतं आणि वर म्हणे तेवढं चालतं. चालत नाही, मी पुन्हा करून घेतलं, त्याने पुन्हा पैसे घेतले, रोखच, यूपीआय नाही. गाडी घेऊन जाऊ नका, कॅनडा कॉर्नरला संध्याकाळी पार्किंग मिळणं अवघड आणि कोर्टाकडे त्याहून. ओरडतात पण मॅडम, हळव्या माणसांनी आधी मनाची तयारी करून जावं.

साडेतीन स्टार. तो परवापर्यंत तरी स्टॉपवर दिसलेला नाही, दोषारोपपत्र अजून दाखल व्हायचंय. माझा फोन मुद्देमाल म्हणून जमा आहे, द्यायच्या आधी बॅकअप घ्यायला लावला होता म्हणून भाच्याचे फोटो तरी वाचले. हे सगळं पप्पांच्या जुन्या हँडसेटवर टाइप केलंय, त्याचा ण लवकर लागत नाही, तर कुठे न चा ण आणि ण चा न झाला असेल तर समजून घ्या.